वसतिगृहातला मॉर्मन मुलगा आणि त्याचे पहिले तीन महिने

प्रश्न: मी ओहायोतल्या एका विद्यापीठात पीएचडी करते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वसतिगृहात एका मजल्याची रेसिडेंट असिस्टंट आहे. माझ्या मजल्यावर यूटामधल्या छोट्या गावातून आलेला १८ वर्षांचा एक मॉर्मन मुलगा आहे. ऑगस्टमध्ये सगळ्यांशी हसून-खेळून असायचा. आता ऑक्टोबर संपत आला, तर वर्ग सुटला की थेट खोलीत. सुरुवातीला दर रविवारी टाय लावून एकटाच बसने चर्चला जायचा, पण गेले तीन रविवार गेलेला नाही. एकदा माझ्याकडे चहाला बोलावलं, तर कपाला हातही लावला नाही. परवा रात्री म्हणाला, "माझा विश्वास उडत चाललाय बहुतेक, आणि हे मी घरी सांगू शकत नाही." पुढच्या उन्हाळ्यात त्याला दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जायचं आहे. मला त्याच्या धर्मातलं काही कळत नाही. मी त्याच्याशी काय बोलू? मुळात बोलू का?

उत्तर:

बोल, जरूर बोल. अख्ख्या मजल्यातून त्याने तुला निवडून हे सांगितलं आहे. तुला त्याच्या धर्मातलं काही ठाऊक नाही, हेही त्या निवडीचं एक कारण असेल. घरी सांगितलं तर घर हादरणार. वर्गमित्राला सांगितलं तर तो "बरं झालं, सुटलास" म्हणणार. तू या दोन्हींतलं काहीच करणार नाहीस, असं त्याला वाटलं.

मी अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत २२ वर्षं काम करते आहे. त्यातली काही वर्षं पश्चिमेकडे गेली, तिथे माझ्याकडे मॉर्मन मुलं पुष्कळ यायची. इकडे वर्षाकाठी दोन-तीन येतात. पण एक गोष्ट मला दोन्हीकडे सारखी दिसली. पहिल्या सत्रात "माझी श्रद्धा गेली" म्हणत जो मुलगा समोर येऊन बसतो, त्याचं बहुतेक वेळा आधी दुसरंच काही गेलेलं असतं: त्याचं काम. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या माणसाच्या सहसा हे लक्षात येत नाही.

या पंथाचं अधिकृत नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. २०१८ साली त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, पूर्ण नाव घ्या, असं सांगितलं. त्यामुळे काही मुलांना 'मॉर्मन' शब्द खटकतो, काहींना काहीच वाटत नाही. तू एकदा विचारून घे, "तुला काय म्हटलेलं आवडेल?" एवढ्या प्रश्नानेही मुलं मोकळी होतात.

या चर्चच्या स्थानिक मंडळाला वॉर्ड म्हणतात, आणि वॉर्डात पगारी धर्मगुरू नसतो. बिशप म्हणजे गल्लीतलाच कुणी दंतवैद्य, शिक्षक किंवा शेतकरी. तो काही वर्षं बिनपगारी हे काम करतो आणि मग पुन्हा बाकावर जाऊन बसतो. बाकीच्यांनाही काही ना काही काम नेमून दिलेलं असतं, त्याला कॉलिंग म्हणतात. मुलगा बारा वर्षांचा होतो त्या वर्षापासून तो रविवारच्या विधीत पाव आणि पाण्याची ताटं ओळीओळीने फिरवतो. सोळाव्या वर्षी त्याच पावा-पाण्यावरची प्रार्थना सगळ्यांसमोर म्हणतो. तीत एक शब्द चुकला तरी ती पुन्हा म्हणावी लागते, आणि सगळा वॉर्ड शांतपणे थांबतो. यूटामध्ये मुलं शाळेच्या वेळापत्रकातच एक तास सुटी घेऊन शेजारच्या सेमिनरीच्या इमारतीत धर्मशिक्षणाला जातात. १९१२ साली सॉल्ट लेक सिटीतल्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी हे सुरू झालं. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. वॉर्डाची हद्द रस्त्यांवरून ठरते, त्यामुळे चर्चमधली माणसं म्हणजेच शेजारी. यूटातल्या लहान गावात तर एका वॉर्डात चार-दोन गल्ल्याच येतात. तिथे हा मुलगा एक रविवार दिसला नसता, तर दुपारपर्यंत कुणीतरी डबा घेऊन दारात उभं राहिलं असतं.

आता तोच मुलगा ओहायोत आहे. तीन रविवार गेला नाही. कुणाच्या लक्षात आलं? तुझ्या. बाकी कुणाच्याच नाही.

बाराव्या वर्षापासून ज्याचे हात रविवारी कामाला लागलेले, तो आता अनोळखी माणसांमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि बसने परत येतो. त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला हे "मी एकटा पडलोय" असं कळत नाही. त्याला शिकवलेलं असतं की प्रार्थना केली की मनात ऊब येते, शांत वाटतं, आणि तेच देवाचं उत्तर. आता प्रार्थना करतो, पण ऊब येत नाही. मग तो हिशेब मांडतो: एकतर देव नाही, नाहीतर मी नालायक आहे. झोप पुरत नाही, मिडटर्म अवघड गेली, आईच्या हातचं जेवण नाही, दोन महिन्यांत कुणी मिठी मारलेली नाही, यातलं काहीच त्या हिशेबात येत नाही.

म्हणून तुझं पहिलं संभाषण देवाबद्दल नको, रविवारबद्दल असू दे. "घरी असताना तुझा रविवार कसा असायचा? उठल्यापासून सांग." आणि मग ऐक. माझा अनुभव असा की मुलं या प्रश्नावर पंधरा-वीस मिनिटं बोलतात, आणि बोलता बोलता त्यांचं त्यांनाच दिसायला लागतं की आपल्याला नेमकं काय आठवतंय. कुणाला सिद्धांत आठवतात, कुणाला आजोबांच्या शेजारची जागा. या दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत, आणि आपल्याला कशाची उणीव आहे हे त्या मुलालाच आधी शोधू द्यावं.

यातून एक अगदी साधी, व्यवहारातली गोष्ट पुढे येते. त्याला विचार, "तुझा सदस्यत्वाचा रेकॉर्ड इकडच्या वॉर्डात आला आहे का?" या चर्चमध्ये प्रत्येकाची नोंद कुठल्यातरी एका वॉर्डात असते. माणूस गाव बदलतो तेव्हा ती नोंद मागवून हलवावी लागते. मुलं हे विसरतात किंवा लाजून टाळतात. मग घरच्या बिशपला वाटतं तो तिकडे आहे, आणि इकडच्या बिशपला तो आहे हेच माहीत नसतं. नोंद हलली की फोन येतो, गाडीने न्यायला कुणी येतं, आणि थोड्याच दिवसांत काहीतरी काम अंगावर पडतं. विद्यापीठांच्या गावांत पुष्कळदा अविवाहित तरुणांसाठी वेगळा वॉर्ड किंवा लहान शाखा असते. शिवाय इन्स्टिट्यूट नावाचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. पहिलं इन्स्टिट्यूट १९२६ साली आयडाहो विद्यापीठाशेजारी निघालं, ते नेमकं अशा मुलांसाठी, म्हणजे जी चर्चच्या बाहेरच्या विद्यापीठात शिकतात. तो बसने सर्वसाधारण, कुटुंबांच्या वॉर्डात जात असेल तर तिथे त्याच्या वयाचं कुणीच नसण्याची शक्यता मोठी. हे त्याला ठाऊक असेलच असं धरून चालू नकोस. हुशार मुलांनाही ठाऊक नसतं.

मात्र हे सांगताना "चर्चला जा" असा सूर लागू देऊ नकोस. माहिती दे आणि सोडून दे. जायचं की नाही, हे त्याचं तो ठरवील.

आता चहा. तू मनाला लावून घेऊ नकोस. १८३३च्या फेब्रुवारीत त्यांचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 'वर्ड ऑफ विज्डम' नावाचा आरोग्याचा नियम दिला: दारू नाही, तंबाखू नाही, 'गरम पेयं' नाहीत. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ पुढे पक्का झाला. मुद्दा तापमानाचा नाहीच. गरम कोको चालतो, थंड आइस-टी चालत नाही. ग्रीन टीही चालत नाही, हे २०१९ साली चर्चने स्पष्ट केलं. आपल्या आलं-वेलची घातलेल्या चहात चहाची पत्ती आहे, म्हणून तोही नाही. पण नुसत्या गवती चहाचा काढा चालेल, कारण नावात चहा असला तरी ते गवत आहे. हळदीचं दूध, ताक, कोकम सरबत, यातलं काहीही कर. सोलापुरातल्या माळकरी घरातली मुलगी पुण्याच्या होस्टेलवर कांदा-लसूण बाजूला काढत जेवते, तेव्हा तिला ज्या नजरा झेलाव्या लागतात, त्याच हा मुलगा इथे रोज झेलतो. अमेरिकन कॉलेजात तर "कॉफीला भेटू" हेच मैत्रीचं पहिलं वाक्य. अभ्यासाचा गट कॉफीच्या दुकानात, प्राध्यापकाशी गप्पा कॉफीवर, आणि शुक्रवारी रात्री बिअर. प्रत्येक वेळी नकार आणि त्याचं स्पष्टीकरण. दोन महिन्यांत माणूस थकतो आणि मग जाणंच सोडतो. तो खोलीत कोंडून घेतो त्यामागे हा थकवा किती आहे, हे बघ.

तुझ्या हातात इथे बरंच आहे. मजल्यावरच्या कार्यक्रमाचं नाव 'कॉफी अवर' असेल तर ते बदल. शुक्रवारी रात्री नऊला पत्ते, कॅरम, पॅनकेक, काहीही ठेव, आणि त्याला "ये" म्हणू नकोस, "मला पॅनकेक भाजायला मदत करशील का?" असं विचार. काम दे. मी आधी जे सांगितलं ते इथे उपयोगी पडतं. या मुलांना पाहुणा म्हणून बसता येत नाही, हातात काहीतरी असलं की ती खुलतात. पश्चिमेत असताना एका वसतिगृहात असाच कोमेजलेला मुलगा होता, त्याला तिथल्या वॉर्डनबाईंनी मजल्यावरच्या सायकली दुरुस्त करायचं काम दिलं. दोन आठवड्यांत त्याच्या खोलीचं दार उघडं राहायला लागलं.

एक सूचना. महिन्याच्या पहिल्या रविवारी ही माणसं दोन जेवणं सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. त्या दिवशी तो भोजनगृहात दिसला नाही तर खाणं सोडलं म्हणून घाबरू नकोस. इतर दिवशीही दिसत नसेल तर मात्र लक्ष दे.

आता त्याच्या शंकांकडे येते. एकटेपण हे मोठं कारण असलं, तरी शंका खोट्या नसतात. "तुला फक्त घरची आठवण येतेय" असं म्हणून त्या उडवून लावल्या, तर त्याला तो अपमान वाटेल, आणि ते बरोबरच असेल.

या मुलांच्या मनात शंका कुठून शिरते, याबद्दल बाहेरच्यांचा एक ठरीव अंदाज असतो: जीवशास्त्राचा वर्ग, उत्क्रांती, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. माझ्याकडे आलेल्यांत तसं क्वचित होतं. जास्त वेळा शंकेचं मूळ होता रूममेट. एका मुलाने मला सांगितलं होतं, आणि त्याचा आवाज तेव्हा खरोखर कापत होता, "माझा रूममेट नास्तिक आहे, पितो, मुलीबरोबर राहतो. आणि मला ताप आला तेव्हा रात्री दोनला तो सूप घेऊन आला. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे. मग मी इतकी वर्षं जे पाळलं ते कशासाठी?" लहानपणापासून 'नियम पाळले की सुख आणि चांगुलपणा' हे सूत्र ऐकलेल्या मुलाला, नियम न पाळणारा सुखी आणि चांगला माणूस भेटला की पायाखालची जमीन सरकते. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. त्यावर उत्तर देऊ नये. "त्या सूपबद्दल तू त्याला काय म्हणालास?" एवढंच मी विचारलं. तो रूममेटशी बोलला, आणि त्या वर्षी त्यांची जी मैत्री जुळली ती पुढे टिकली.

दुसरी वाट इतिहासाची. गावात जे कानावर आलं नाही, ते मोबाइलवर रात्री तीनला वाचायला मिळतं. जोसेफ स्मिथ यांच्या अनेक बायका, १९७८ सालापर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना नाकारलेलं पौरोहित्य, स्मिथ यांना झालेल्या पहिल्या देवदर्शनाचे एकमेकांशी न जुळणारे वृत्तांत. २०१३ पासून चर्चने स्वतःच आपल्या संकेतस्थळावर या विषयांवर लेख दिले आहेत, आणि जोसेफ स्मिथ यांच्या बायकांची संख्या तीस ते चाळीसच्या दरम्यान असावी, असा अंदाजही त्यांत आहे. मुलाला बसणारा धक्का पुष्कळदा त्या माहितीचा नसतो. तो "मला हे कुणी सांगितलं का नाही?" याचा असतो, म्हणजे आईवडिलांवरच्या विश्वासाचा. तो असं काही बोलला तर इतिहासाचा वाद घालू नकोस, दोन्ही बाजूंनी. आणि बहुपत्नीकत्वावरून मजल्यावर कुणी चेष्टा करत असेल तर ती तिथेच थांबव. १८९० साली चर्चने ते थांबवायला सुरुवात केली, आणि आज तसं लग्न करणाऱ्याला चर्चमधून काढतात. त्यांच्यातली बरीच मोठी माणसं कपड्यांखाली धर्माने सांगितलेली अंतर्वस्त्रं घालतात, त्यांवरून होणारे विनोदही असेच थांबव. ती त्यांच्यासाठी पवित्र गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या चर्चमध्ये महिन्यातून एकदा कुणीही उठून साक्ष देतं. चार वर्षांचं पोरसुद्धा आईच्या कडेवरून माइकमध्ये म्हणतं, "मला ठाऊक आहे हे चर्च खरं आहे." 'वाटतं' नाही, 'मानतो' नाही, 'ठाऊक आहे'. हे वाक्य हजार वेळा म्हणत वाढलेल्या मुलाकडे मधले शब्दच नसतात. 'मला आशा आहे', 'मला अजून कळत नाही', 'यातलं काही पटतं, काही नाही', असं तो बोलूच शकत नाही. त्यामुळे खात्रीला जरासा तडा गेला की तो सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतो, विश्वास उडाला. तुला त्याने जे सांगितलं त्यातला 'बहुतेक' हा शब्द बघ. तो शब्द धरून ठेव. "बहुतेक म्हणालास. त्या बहुतेकच्या अलीकडे काय काय आहे?" असं विचार. त्याला मधले शब्द सापडू देणं, हे पहिल्या सत्रातलं मोठं काम आहे.

गंमत म्हणजे हे शब्द त्याच्याच ग्रंथांत आहेत, आणि ते सांगितले गेले तेही याच ओहायोत. १८३१ ते १८३८ या काळात त्यांचं मुख्य ठाणं क्लीव्हलंडजवळच्या कर्टलंड गावात होतं. त्यांच्या धर्मग्रंथातलं १८३१च्या मार्चमधलं एक प्रकरण म्हणतं की काहींना जाणण्याचं दान मिळतं, आणि काहींना दुसऱ्याच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचं. म्हणजे 'ठाऊक आहे' म्हणता न येणाऱ्यांनाही तिथे जागा आहे. 'अभ्यासाने आणि श्रद्धेनेही ज्ञान मिळवा' हे त्यांचं आवडतं वचनही कर्टलंडचंच. १८३३ साली तिथे एका दुकानाच्या माडीवर मोठ्या माणसांची शाळा भरायची. ती मंडळी तंबाखू ओढायची, थुंकायची, आणि जमीन साफ करता करता स्मिथ यांच्या पत्नी एमा वैतागल्या. त्यातूनच चहा-तंबाखूचा तो नियम आला, अशी स्मिथ यांच्यानंतरचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग यांची आठवण आहे. पण हे तू त्याला ऐकवायला जाऊ नकोस. परक्याने आपले ग्रंथ आपल्याला ऐकवलेले कुणालाच रुचत नाहीत. तुला मात्र माहीत असावं. वाटलं तर एखाद्या शनिवारी विचार, "कर्टलंड इथून जवळ आहे म्हणतात, बघायला जायचं का? मला तिथलं काहीच माहीत नाही, तू सांग." १८३६ साली समर्पित झालेलं त्यांचं पहिलं मंदिर तिथे उभं आहे, आणि २०२४ पासून ते पुन्हा याच चर्चच्या ताब्यात आलं आहे. शिकवणारा तो आणि शिकणारी तू, असं एक दुपारभर झालं तरी त्याला खूप बळ मिळेल.

त्या कर्टलंडातच १८३७ साली चर्चच्या नेत्यांनी काढलेली पतसंस्था बुडाली आणि मोठमोठी माणसं चर्च सोडून गेली. ज्या तिघांनी बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाची मूळ सुवर्णपत्रं पाहिल्याची साक्ष दिली होती, ते तिघेही १८३८ सालापर्यंत बाहेर पडले होते. त्यातले ऑलिव्हर काउडरी १८४८ साली परतले, मार्टिन हॅरिस तर थेट १८७० साली, म्हातारपणी. डेव्हिड व्हिटमर कधीच परतले नाहीत. तरी आपण दिलेली साक्ष तिघांतल्या कुणीच नाकारली नाही. अशा मुलासमोर बसताना मी ही तिन्ही माणसं मनात ठेवते. त्यामुळे समोरच्याला कुठल्याही एका दिशेला ढकलण्याची घाई मला होत नाही.

एका बाबतीत मात्र सावध राहा. काही मुलांना शंका येत नाही, धास्ती येते. तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणं, कारण पहिली 'मनापासून' झाली नाही. तीच चूक बिशपकडे वारंवार कबूल करणं. मनात आलेल्या साध्या विचाराचाही पाप म्हणून तासन्तास जाच. आपण अपात्र आहोत म्हणून रविवारचा पाव न घेणं, आणि शेजारच्याने ते पाहिलं म्हणून पुढच्या रविवारी न जाणं. हा ओसीडीचाच, म्हणजे मंत्रचळाचाच, एक प्रकार आहे, धार्मिक बाबतीत दिसणारा. काटेकोरपणाचं कौतुक होणाऱ्या समाजात तो भक्ती समजला जातो आणि वर्षानुवर्षं लपून राहतो. यात "अरे, तू चांगला आहेस" असा धीर देत राहिल्याने उलट त्रास वाढतो, कारण दिलासा मागणं हाच त्या चक्राचा भाग होतो. यावर चांगली उपचारपद्धती आहे: भीतीला थोडंथोडं सामोरं जायचं आणि ती शमवण्यासाठीची कृती करायची नाही. मुलाच्या परवानगीने बिशपलाही त्यात घेता येतं. एका बिशपने माझ्याबरोबर बसून मुलाला सांगितलं होतं, "ही गोष्ट तू मला एकदा सांगितलीस. पुन्हा मी ती ऐकणार नाही." त्या मुलाला त्या वाक्याने जेवढा आराम दिला, तेवढा माझ्या महिनाभराच्या बोलण्याने दिला नव्हता. अशी लक्षणं दिसली तर त्याला समुपदेशन केंद्रापर्यंत स्वतः चालत घेऊन जा.

जीव नकोसा झाल्याचं काही बोलला, तर गुप्ततेचं वचन देऊ नकोस. त्याच क्षणी तुमच्या ड्यूटीवरच्या वरिष्ठांना कळव. देशभर २४ तास चालणारा ९८८ हा क्रमांक आहे, तो त्याच्यासमोर लावून दे. एरवी त्याच्या घरी फोन करायचा नाही, कितीही काळजी वाटली तरी. तो सज्ञान आहे, आणि घरी काय सांगायचं, हाच तर त्याचा प्रश्न आहे.

आता मिशन. मुलांसाठी दोन वर्षं, वय १८ पासून पुढे. २०१२ पर्यंत ही मर्यादा १९ होती, त्यामुळे मुलं कॉलेजात एक वर्ष काढून जायची. आता पुष्कळ जण शाळा संपली की थेट जातात. म्हणजे आधी एक वर्ष कॉलेज करायचं ठरवलेल्या या मुलाला गावात प्रत्येक जण विचारत असणार, "कधी निघतोस?" मिशनवर जाण्याआधी बिशप आणि स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अनेक वॉर्डांचा प्रमुख, मुलाखत घेतात. तिथे "माझी साक्ष आहे" असं म्हणावं लागतं. "विश्वास उडतोय" आणि "घरी सांगता येत नाही" या दोन वाक्यांच्या मध्ये ही मुलाखत उभी आहे. त्याला बहुधा वाटत असेल की उन्हाळ्याच्या आत एकतर विश्वास परत मिळवायचा, नाहीतर खोटं बोलायचं, नाहीतर आईचं मन मोडायचं.

त्याला चौथी वाट दाखव: तारीख पुढे ढकलता येते. मिशन पुढच्या उन्हाळ्यातच हवं असं नाही. पुष्कळ मुलं दोन वर्षं शिकून जातात, काही जातच नाहीत आणि चर्चमध्येच राहतात, काही जातात आणि तिथे त्यांना आपली श्रद्धा सापडते, आणि काही अर्ध्यातून परततात. अर्ध्यातून परतलेल्या मुलांचं दुःख मी फार जवळून पाहिलं आहे. त्यांच्या छोट्या गावात त्यांना ज्या शांततेला तोंड द्यावं लागतं ती भयंकर असते. म्हणून मन तयार नसताना केवळ तारीख पाळायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत तू त्याला सांगू नकोस. तारीख हलू शकते, एवढंच सांग. आणि जायचं ठरलंच तर निबंधक कार्यालयात रजेचा अर्ज आणि शिष्यवृत्ती राखून ठेवण्याची लेखी हमी, हे आधी करून घ्यायला सांग. त्यात ढिलाई झाल्याने परतल्यावर शिष्यवृत्ती हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

यूटातल्या प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात बदली घेऊ का, असंही तो कधीतरी विचारील. ते चर्चचं विद्यापीठ, १८७५ सालचं. तिथे आजूबाजूला सगळे त्याच्यासारखेच, एकटेपण नक्की कमी होईल. पण तिथे शिकत राहायला दरवर्षी बिशपची शिफारस लागते. शंका घेऊन तिथे जाणाऱ्या मुलाला शंकेबद्दल बोलणं इथल्यापेक्षा अवघड जाऊ शकतं. घरची ओढ म्हणून जायचं असेल तर जावं, त्यात हार मानल्यासारखं काही नाही. शंकेपासून पळण्यासाठी जायचं असेल तर निदान हे सत्र पुरं होईपर्यंत ठरवू नये.

सगळ्यांत जवळची अडचण थँक्सगिव्हिंगची आहे, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. तो घरी जाईल, टेबलाभोवती काका-मामा असतील, आणि टर्कीची ताटं वाढली जायच्या आत मिशनचा विषय निघेल. निघण्याआधी एक दिवस त्याच्याबरोबर बस आणि एक वाक्य तयार करून घ्या. खोटं नसलेलं आणि दार बंद न करणारं. माझ्याकडच्या एका मुलाने असं केलं होतं: "पहिलं सत्र मला वाटलं त्याहून जड जातंय. सध्या मी तेवढंच सांभाळतोय. मिशनचं उन्हाळ्याच्या आधी बोलू." हे त्याने आरशासमोर सात-आठ वेळा म्हटलं. आणि घरातल्या एका माणसाला सगळं खरं सांगायचं ठरवलं. त्याने आजीला निवडलं. तुझ्या मुलाचा तो एक माणूस कोण, हे त्याला आत्ताच विचारून ठेव. पुष्कळदा तो माणूस आईवडील नसतो. मिशनहून परतलेला थोरला चुलत भाऊ असतो, ज्याने हेच सगळं भोगलेलं असतं आणि कुणाला सांगितलेलं नसतं.

या आठवड्यात मात्र एवढंच कर: गवती चहा मिळाला तर आण, त्याला बोलाव, आणि रविवारबद्दल विचार. थँक्सगिव्हिंगनंतर तो परत आला की मला पुन्हा लिही. काय झालं ते मला खरंच ऐकायचं आहे.